भरून परत येणारी पाण्याची बाटली

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यापासून माझ्या सहावीतल्या मुलाची पाण्याची बाटली सकाळी भरून दिली तशीच परत येत होती आणि पाणी पीत नाही म्हणून मी त्याला रोज रागावत होते. खरे कारण ऑगस्टमध्ये कळले. मधल्या सुट्टीत वरच्या वर्गातली तीन मुले त्याला स्वच्छतागृहात कोंडून बाहेरून कडी लावत, त्यामुळे तिकडे जावेच लागू नये म्हणून तो पाणीच पीत नव्हता.

हे ऐकताच त्याचे बाबा म्हणाले, "तूही एक ठेवून द्यायची होतीस." तीन मोठ्या मुलांसमोर एकट्याने! मीही पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहायलाच बसले होते, पण "आई, ग्रुपवर नको, मग मला चुगलीखोर म्हणतील," असे तो म्हणाला आणि मी थांबले. आपला राग मुलाच्या भीतीपेक्षा मोठा होऊ लागला की मूल पुढच्या वेळी काही सांगत नाही, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

त्या रात्री तो सांगत गेला आणि मी वहीत दिवस, जागा, कोण होते, कोणी पाहिले एवढेच लिहिले. मग त्याला विचारूनच मुख्याध्यापकांना लेखी अर्ज दिला व प्रतीवर पोच घेतली, कारण तोंडी तक्रार "बघतो" या एका शब्दात विरते. मुलांना शाळेतून काढा, असे मी लिहिले नाही. तीही मुलेच आहेत. मधल्या सुट्टीत स्वच्छतागृहापाशी एक शिक्षक असावेत आणि काय केले ते आम्हांला ठरलेल्या तारखेला कळवावे, एवढेच मागितले.

"मुले आहेत, मस्ती करणारच," हे उत्तर अपेक्षित होतेच. शाळेत तक्रारपेटीही आहे, पण ती कार्यालयाच्या दारातच टांगलेली असल्याने चिठ्ठी टाकणारे मूल लगेच सगळ्यांच्या नजरेत येते. शासनाच्या २०२२ च्या निर्णयानुसार शाळेत सखी सावित्री समिती, म्हणजे मुलामुलींच्या सुरक्षिततेकडे लक्ष देणारी समिती, असणे अपेक्षित आहे. तिच्यात कोण आहे, हे मी दुसऱ्या अर्जात विचारले, तेव्हा कुठे हालचाल झाली. शाळा दादच देत नसेल, तर १०९८ हा बालकांसाठीचा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो.

इंदिरानगर ते शाळा या रिक्षाच्या वाटेवर तो अजून फारसे बोलत नाही. बाटली मात्र आता निम्मी रिकामी येते. शाळेसोबतची पुढची भेट दिवाळीच्या सुट्टीआधी आहे आणि तिची तारीख मी लिहून घेतली आहे.