अठ्ठ्याहत्तर किलोंचा किराणा

आमच्या गॅरेजातल्या गाडीला छप्पर नाही, दारं नाहीत आणि डिकी म्हणावी तर त्यात एक छत्री आडवी मावत नाही. कॉलिन चॅपमननं १९५७ साली लोटस सेव्हन नावाची हलकी, उघडी गाडी काढली, तिच्याच घराण्यातली ही. त्या काळी ती सुट्या भागांत विकत घेऊन घरी जोडली की इंग्लंडातला खरेदी कर वाचायचा. हे कळल्यापासून चॅपमन मला आपल्यातलाच वाटतो.

माझीही मीच जोडली. वजन ५४० किलो. रस्त्यावर धावली, पोरांनी हात हलवले, तिथंच थांबायला हवं होतं. पण ब्रँड्स हॅच या इंग्लंडातल्या शर्यतीच्या ट्रॅकवर ट्रॅक डेचे, म्हणजे आपलीच गाडी तिथं पळवायच्या दिवसाचे, पैसे भरून बसलो आणि कुणीतरी विचारलं, "कॉर्नर वेट्स केलीस का?"

म्हणजे चारही चाकांखाली एकेक काटा ठेवून कुठल्या पायावर किती भार आहे ते बघायचं. चालकासकट. पण चालक आत बसला तर स्पॅनर कोण फिरवणार? आईला, ती सांगलीहून आली होती, म्हटलं, "जरा बसतेस?" तिनं एकदा काट्यांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "माझं वजन चौघांत सांगायचं काही कारण नाही," म्हणून ती आत निघून गेली.

मग माझ्या जागी बॅलास्ट, म्हणजे भरीचं वजन, म्हणून किराणा बसवला. वीस-वीस किलो तांदळाची तीन पोती, दहा किलो कणीक आणि तुरीच्या डाळीच्या दोन-दोन किलोंच्या चार पिशव्या. बरोब्बर अठ्ठ्याहत्तर. पट्टाही बांधला. माझ्यापेक्षा ताठ बसला होता.

त्याआधी अँटी-रोल बार, म्हणजे वळणावर गाडी कलू नये म्हणून डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी दांडी, एका बाजूनं सोडावा लागतो, नाहीतर तो इकडचा भार तिकडे ढकलतो. आमचे आजोबा पेठेत तराजूची दांडी मारतात असा प्रवाद होता. इथं दांडी सोडल्याशिवाय वजन खरं येत नाही.

आकडे आले. पुढे डावीकडे १५०, उजवीकडे १३२. मागे डावीकडे १५२, उजवीकडे १८४. यात गंमत अशी की स्प्रिंगखालची कॉलर, म्हणजे स्प्रिंग वर-खाली करायचं कडं, कितीही फिरवा, पुढचं-मागचं आणि डावं-उजवं वजन तसूभर हलत नाही. हलतो फक्त कर्ण. पुढचं डावं अधिक मागचं उजवं एकूण वजनाच्या निम्मं हवं. माझं ५४ टक्के होतं.

आईला हे दोन वाक्यांत कळलं. "चौरंग डुगडुगतो तसं ना? मग एका पायाखाली पुठ्ठा घाल की."

मी तीन दिवस पुठ्ठाच घालत होतो, फक्त कॉलर फिरवायच्या सी-स्पॅनरनं. एका कोपऱ्याला अर्धा फेरा दिला की चारही काट्यांवरचे आकडे बदलतात आणि गाडीची उंचीही. दर फेऱ्यानंतर गाडी दाबून, हलवून स्थिर करायची. सालटं निघालेली बोटं, गुडघ्याला ग्रीस. चाकांचा टो (चाकं आत-बाहेर किती वळलीत) दोरा ताणून मोजला, कँबर (ती उभ्यात किती कललीत) फोनवर पाहिला. त्याचं काही विशेष नाही, ते दुपारीच झालं. कर्ण मात्र तिसऱ्या रात्री साधला: ५०.२. मी अक्षरशः काट्याला नमस्कार केला.

आई बेसनाचा लाडू घेऊन आली. आनंदाच्या भरात तो माझ्या हातून निसटला. फुटला नाही (आईच्या लाडवांबद्दल आम्ही घरात बोलत नाही), घरंगळत निघाला, गाडीखालून तिरका गेला आणि मागच्या डाव्या चाकाच्या काट्याला टेकून थांबला.

आम्ही दोघंही त्याच्याकडे बघत राहिलो.

"जमीन उतरती आहे," आई म्हणाली. "गवंडी पाण्याची नळी लावतात, तशी लावून बघ."

लावली. तो एक कोपरा नऊ मिलिमीटर खाली होता. म्हणजे तो पाय अधांतरी, आणि म्हणूनच दुसरा कर्ण जड. म्हणजे मुळात बहुधा ठाकठीक असलेली गाडी मी तीन दिवस खपून वाकडी केली होती. मग बाथरूमच्या उरलेल्या व्हिनाइलच्या लाद्या काट्याखाली रचल्या आणि सगळे फेरे उलटे फिरवत बसलो. मधेच आई येऊन पोत्याला "जेवलास का रे?" म्हणून गेली.

ब्रँड्स हॅचला पहिलीच चक्कर प्रशिक्षकाला शेजारी बसवून. तो आला. गृहस्थ शंभर किलोंच्या आत नसावेत. ते डावीकडे बसले, गाडी त्या अंगाला कुरकुरली आणि माझा कर्ण कुठं गेला कोण जाणे.

पॅडॉक हिल हे वळण उजवीकडे वळता वळता एकदम खाली कोसळतं. पोट वरच राहतं. तिथं मी ब्रेक उशिरा लावला, मग घाबरून सोडला, मग परत लावला. प्रशिक्षक सगळा वेळ शांत होते. पिटमध्ये आल्यावर म्हणाले, "गाडी उत्तम आहे. ब्रेक सरळ असतानाच संपवत जा."

मग खाली उतरून त्यांनी बूट काढला, उपडा केला. पिवळे दाणे टपटप डांबरावर पडले. त्यांनी एक उचलून उन्हात धरला आणि माझ्याकडे पाहिलं.

"बॅलास्ट," मी म्हणालो.

रात्री आईला हे सांगितलं. तिनं वळणाचं काही विचारलं नाही. म्हणाली, "किती सांडली?"