गाडी आडवी, मत त्याहून आडवं

एक पथ्य आधीच सांगून ठेवतो. मत द्यायचं असेल तर गेम फार खेळू नका. खेळलं की मत मऊ पडतं. माणूस 'तसं बरं आहे', 'सवय झाली की जमतं' असलं मिळमिळीत बोलायला लागतो, आणि रविवारी सकाळी इंदूरच्या छप्पन दुकानवर पोह्याची प्लेट हातात घेऊन मिळमिळीत बोलणाऱ्याकडे कोणी जीरावण मसाल्याची डबीसुद्धा सरकवत नाही.

गेम कुठला ते तुम्हाला कळलंच असेल, ड्रिफ्टिंगचा. गाडी आडवी घालून वळणं काढायची, मागे धूर सोडायचा, गुण मिळवायचे आणि त्या गुणांतून तीच गाडी पुन्हा नटवायची. इंदूरच्या निम्म्या पोरांच्या फोनवर असला एखादा तरी असतो. नाव घेत नाही, कारण पुढे जे बोलणार आहे ते सगळ्यांनाच लागू आहे, आणि एकट्याचं नाव घेतलं तर बाकीच्यांना वाईट वाटेल.

कोणी म्हणालं, 'एका गेमवर एवढं काय बोलायचं?' तर घाबरू नका. त्याला सांगा की ड्रिफ्टिंग हा मुळातच मतांचा खेळ आहे. साध्या शर्यतीत घड्याळ असतं, जो आधी पोचला तो जिंकला, विषय संपला. ड्रिफ्टमध्ये परीक्षक बसतात. गाडी ठरवलेल्या रेषेवरून गेली का, कोन किती होता, अंदाज कसा होता, हे पाहून गुण देतात. म्हणजे आपल्या गणेशोत्सवातली सुगम संगीत स्पर्धाच, फक्त तबल्याच्या जागी टायर. आणि ज्या स्पर्धेत परीक्षक असतात तिथे निकालानंतर मांडवामागे दुसरा निकाल लागतो, हे रामबागेत वाढलेल्या माणसाला शिकवायला नको.

थोडा इतिहासही टाका, वजन येतं. 1970च्या दशकात जपानमध्ये कुनिमित्सु ताकाहाशी शर्यतीत गाडी मुद्दाम घसरवत वळणं घ्यायचे. ते पाहून केइची त्सुचिया यांनी ही विद्या घाटरस्त्यांवर घोटली आणि जगभर 'ड्रिफ्ट किंग' झाले. त्यांची लाडकी टोयोटा एई-86 बाजारात आली 1983 साली. त्याच वर्षी डिसेंबरात आपल्याकडे मारुती 800 आली. जपानच्या त्या गाडीत जोर मागच्या चाकांना, आपल्या गाडीत पुढच्या चाकांना. तिथेच आपलं ड्रिफ्ट हुकलं. आता थोडं थांबा, चहाचा घोट घ्या आणि हळूच सांगा की मारुतीच्याच ओम्नी व्हॅनमध्ये मात्र इंजिन पुढच्या सीटखाली आणि जोर मागच्या चाकांना. म्हणजे राजेंद्र नगरातून रोज सकाळी डझनभर पोरं आणि तितकीच दप्तरं कोंबून जी व्हॅन शाळेकडे वळते ती तत्त्वतः ड्रिफ्ट कार आहे. हे वाक्य कुठेही चालतं. पालकसभेत तेवढं टाळा.

एवढी जमीन तयार झाली की मुख्य शब्द काढा: फिजिक्स. 'बाकी सगळं ठीक आहे भिया, पण फिजिक्स नाही जमलं.' या वाक्याला आजवर कोणी उलट प्रश्न केलेला मी ऐकलेला नाही. बारावीला फिजिक्समध्ये तुमचे पस्तीस होते हे कोणाला आठवत नसतं. गाडी लगेच घसरत असेल तर म्हणा, साबणावर चालवल्यासारखी वाटते. घसरत नसेल तर म्हणा, रुळावर चालवल्यासारखी वाटते. नव्या अपडेटनंतर दोन्ही तक्रारी एकाच दमात करता येतात. आमच्या टोळक्यात एक जण आहे, तो गेली दोन वर्षं 'मागच्या अपडेटपर्यंत बरं होतं' म्हणतो आहे. अपडेट दर दोन-तीन महिन्यांनी येतं, त्याचं मागचं अपडेट मात्र हलत नाही.

समोरच्याने खोलात जायला सुरुवात केली तर तुम्ही त्याच्याही खाली जा. त्यासाठी कॅम्बर, टो आणि डिफरन्शियल हे तीन शब्द पुरतात. कॅम्बर म्हणजे समोरून पाहिलं तर चाक आत किंवा बाहेर किती कललं आहे. टो म्हणजे वरून पाहिलं तर दोन्ही पाऊलं कशी पडतात, पोपटासारखी आत की बदकासारखी बाहेर. आणि डिफरन्शियल लॉक केलं की मागची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात, कुठलंच मागे राहत नाही, म्हणून गाडी एकदा आडवी झाली की आडवीच राहते. हे खरोखर असंच असतं आणि गेममध्ये त्याच्या पट्ट्या सरकवता येतात. पट्टी कुठे ठेवायची हे कोणालाच नक्की माहीत नसतं. पोह्यावर जीरावण घालतो तसं आहे. प्रत्येक जण चिमूटभर आपल्या हाताने घालतो आणि दुसऱ्याची प्लेट पाहून नाक मुरडतो. माझा भाचा रात्री साडेअकरापर्यंत पुढच्या टायरची हवा कमी-जास्त करत बसला होता. त्याच भाच्याच्या अ‍ॅक्टिवात गेले दोन महिने हवा कमी आहे. विचारलं तर म्हणतो, 'मामा, ते उद्या भरून घेईन ना.'

गाडी नटवण्याचं खातं मात्र घाईने उरकू नका, तिथे आपला वारसा आहे. इंदूरच्या यशवंतराव होळकर महाराजांनी 1930च्या दशकात अमेरिकेतून ड्यूसेनबर्ग मोटारीचं चासी घेतलं, सुपरचार्जरवालं, आठ सिलिंडरचं. त्यावर लंडनच्या गर्नी नटिंगकडून दोन माणसांपुरती लांबलचक बॉडी चढवून घेतली आणि रंग दिला केशरी-काळा. आता सांगा, सांगाडा एकाचा, बॉडीकिट दुसऱ्याचं आणि रंग घराण्याचा, याला कस्टमायझेशन नाही तर काय म्हणायचं? आज कोणी म्हणालं की या गेममध्ये गाडीवर चिकटवायच्या विनायलचे थर पुरत नाहीत, तर त्याला महाराजांच्या माणिकबाग राजवाड्याच्या दिशेने तोंड करून उभं करा.

आपल्याला महाराजांसारखं करता येत नाही, हे वेगळं. 2019च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलं की कंपनीने जशी गाडी दिली आणि कागदावर जशी नोंदली, तिच्या मूळ रचनेत मनमानी बदल चालणार नाहीत. तेव्हा तुमच्या वॅगन-आरला रुंद फेंडर आणि मागे पाट लावायची जी ऊर्मी येते ती फोनमध्येच जिरवा. तिथे आरटीओ नाही. तिथे पोरं तीन तास बंपर निवडतात, पावणेदोन तास निळ्याच्या दोन छटांमधली कुठली ते ठरवतात, मग ट्रॅकवर जाऊन पहिल्या वळणाला भिंतीवर आपटतात आणि शांतपणे पुन्हा गॅरेजमध्ये येतात. त्यांना बोलू नका. साखरपुड्याला शालू निवडताना आपण काय केलं होतं?

या गेमांमध्ये गाड्यांची खरी नावं बऱ्याचदा नसतात, हे तुमच्या लक्षात आलं असेल. कंपनीला परवान्याचे पैसे द्यावे लागतात, म्हणून चेहरा तोच, दिवे तेच, नाव भलतंच. पोरं यावर चिडतात. चिडण्यासारखं काय आहे? आमच्या आजीने साठ वर्षांच्या संसारात आजोबांचं नाव घेतलं नाही, घराण्यात कोणाला शंका आली नाही की ती कोणाबद्दल बोलते आहे. फारच कोणी आग्रह केला तर टोयोटा सुप्राचं नाव उखाण्यात घ्या:

सहा सिलिंडर, दोन टर्बो, धूर निघतो खास,
सुप्राचं नाव घेते, वकिलांना नको त्रास.

पैशाच्या विषयावर तुम्हाला एकच भूमिका शोभते: लुटारू आहेत सगळे. गेम फुकट, पण चांगली रिम सोन्याच्या नाण्यांना, आणि सोन्याची नाणी खऱ्या रुपयांना. दिवसभर ड्रिफ्ट करून चांदीची नाणी जमतात, त्यात आरसा येतो, तोही डावीकडचा. हे सांगताना आपण गेल्या दिवाळीत तीनशे एकोणपन्नास रुपये भरून गाडीखाली लावायचं जांभळं निऑन घेतलं होतं याचा उल्लेख करू नका. मी आत्तापर्यंत केलेला नाही. पैसे कापले गेले, निऑन आलं नाही, तक्रार केली तर उत्तरात लिहून आलं की तुमचं समाधान हेच आमचं ध्येय. अजून अंधारातच चालवतो आहे.

जोडीने ड्रिफ्ट करण्याचा प्रकार असतो, टँडम. पुढची गाडी वळण दाखवते, मागचीने तिला खेटून, न धडकता, तोच कोन ठेवायचा. सगळ्यात सुंदर प्रकार हाच आहे, म्हणून सगळ्यात जास्त भांडणं इथेच होतात. धडकलात तर सांगा, नेट गेलं. तुमच्यावर कोणी धडकलं तर सांगा, त्याला चालवता येत नाही. पुढे असताना वळणाच्या तोंडाशी उगाच ब्रेक दाबून मागच्याला भिंतीत घालणारेही असतात, आणि दुर्दैवाने ते बहुतेक वेळा विजयनगरच्या चौकात खरोखरही आपल्या पुढे असतात.

नियंत्रणाबद्दल विचारलं तर तुच्छतेने हसा. बोटाने चालवणाऱ्याला सांगा, फोन तिरका करून चालव. फोन तिरका करणाऱ्याला सांगा, कंट्रोलर घे. कंट्रोलरवाल्याला सांगा, नऊशे अंश फिरणाऱ्या स्टीअरिंगशिवाय मजा नाही. आणि खरंच कोणाकडे ते स्टीअरिंग निघालं तर विषय बदलून 2003वर या. त्या वर्षी नीड फॉर स्पीड अंडरग्राउंड आलं होतं. बोगद्यात गाडी आडवी घालायची, खाली निऑन, आणि भंवरकुआँच्या सायबर कॅफेत बाणांची चार बटणं झिजून पांढरी पडलेली. 'ती मजा आता नाही.' याच्यावर कोणाचं काही चालत नाही. चाळिशी ओलांडलेल्या माणसाचं हे हुकमी पान आहे, जपून वापरा, दर रविवारी एकदाच.

एक धोका मात्र सांगायलाच हवा. ज्याने खरी गाडी खरोखर घसरवलेली आहे अशा माणसाच्या हातात गेम देऊ नका. मी दिला.

आमचे नानाकाका. लोकमान्य नगरात राहतात, वय अठ्ठ्याहत्तर. तेवीस वर्षं इंदूर-खंडवा रस्त्यावर आधी अ‍ॅम्बेसेडर टॅक्सी आणि मग टाटा 407 चालवली. सिमरोल सोडलं की भेरूघाट लागतो. पहिल्या पावसात ट्रॅक्टर शेतातली काळी माती रस्त्यावर आणून पसरतात, तेव्हा त्या वळणांवर गाडी आपण नाही चालवत, माती चालवते. काकांना ओव्हरस्टीअर हा शब्द माहीत नाही. 'ढुंगण निसटलं की जिकडे निसटलं तिकडेच चाक फिरवायचं आणि ब्रेकला हात लावायचा नाही,' एवढंच ते सांगतात. काउंटरस्टीअर समजावायला लोक वीस-वीस मिनिटं बोलतात, त्यात याहून जास्त काही नसतं.

व्हरांड्यात ते झोपाळ्यावर बसले होते. भाच्याने फोन हातात दिला, स्क्रीनगार्डला कोपऱ्यात तडा होता, त्यावर काकांचा अंगठा दोनदा अडला. पहिल्यांदा गाडी सरळ भिंतीत. 'याचा क्लच कुठाय?' नाही, म्हटलं, आपोआप आहे. दुसऱ्यांदाही भिंतीत. तिसऱ्यांदा डोंगरातला ट्रॅक आला, उजवीकडे दरी. पहिल्या वळणाला गाडीची मागची बाजू सुटली आणि काकांचा अंगठा हलला, फार नाही, गव्हाच्या दाण्याएवढा. गाडी तशीच आडवी राहिली. पुढचं वळण डावीकडे होतं, ती झोकात तिकडे उलटली आणि पुन्हा तशीच. झोपाळा थांबला होता. काकांची डावी टाच जमिनीवर नसलेला क्लच दाबत होती. भाच्याने तोंड उघडलं, पण बोलला काही नाही. वर गुणांचा आकडा पळत होता, काकांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते स्क्रीनच्या डाव्या, मग उजव्या कडेला काहीतरी शोधत होते.

'हॉर्न कुठे आहे रे याचा?'

हॉर्न नव्हता.

'आंधळं वळण आहे, समोरून कोण येऊन राहिलंय काय माहीत, आणि हॉर्न नाही?' त्यांनी फोन भाच्याला परत दिला आणि झोपाळ्याला पायाने ढोसलं. 'पोरं म्हणून राहिलीत ना, एकदम खऱ्यासारखं आहे.'

भाच्याने गुण पाहिले. त्याच्या चार महिन्यांतल्या सगळ्यात मोठ्या आकड्याहून जास्त होते. त्याने लगेच गॅरेज उघडलं आणि कॅम्बर बदलायला घेतला.

पुढच्या रविवारी छप्पनवर फिजिक्सचा विषय निघाला. मी जलेबीचा तुकडा मोडला, दोन जणांचं बोलून होऊ दिलं आणि म्हणालो, 'ते सगळं जाऊ द्या भिया. ज्या गेमला घाटात हॉर्न नाही, त्याच्या फिजिक्सवर मी बोलतच नाही.' सगळे गप्प झाले. एकाने जीरावणाची डबी माझ्याकडे सरकवली.