दोन्ही हातांनी शून्य

बास्केटबॉलच्या मॅचला सगळ्यात मोक्याची खुर्ची म्हणजे टेबलाची. बरोब्बर मिडलाइनसमोर, मध्ये कोणाचं डोकं नाही, खांब नाही, आणि त्या खुर्चीत बसलेल्या बाईला मॅच अजिबात दिसत नाही. ती बाई मी. अख्खा सीझन आमच्या जिल्ह्याच्या महिला लीगमध्ये मी स्कोरर होते, त्यामुळे कोणी विचारलं कशी झाली मॅच, तर मी फक्त "चौपन्न एकेचाळीस" एवढंच सांगू शकते. कोण कशी खेळली ते घरी येऊन मुलीलाच विचारावं लागायचं, आणि ती अर्थातच स्वतःबद्दल चांगलंच सांगायची.

माझी निवड कशी झाली तर मुलीच्या टीमच्या कोच सरांनी पालकांच्या मीटिंगमध्ये विचारलं, अक्षर कोणाचं चांगलं आहे, आणि माझ्या मुलीने, जिला माझं अक्षर फक्त "पोट दुखत असल्यामुळे काल शाळेत येऊ शकली नाही" एवढ्यापुरतंच माहितीये, जोरात सांगितलं की आई बँकेत आहे. झालं. बँकेत हल्ली सगळं कॉम्प्युटरवर असतं हे कोणाला पटतच नाही, लोकांना अजून वाटतं आम्ही कानाला पेन्सिल लावून लेजर लिहितो. मी म्हटलं, "अहो सर, पण माझी मुलगीच खेळतेय, मी कशी बसणार टेबलवर?" तर सर म्हणाले, "मॅडम, ज्याचं कोणीच खेळत नाही असा एक माणूस महिला लीगला आणून दाखवा, त्याला बसवतो."

बरोबरच होतं त्यांचं. आठ टीम, प्रत्येकीची प्रत्येकीशी मॅच, म्हणजे लीगच्याच २८, वर सेमी, फायनल, तिसरा नंबर. दिवाळीनंतर सुरू झालेलं ते संक्रांतीपर्यंत चालू. एवढ्या मॅचेसना बघायला कोण, तर आया, दोनचार बाबा (गाडीत बसून फोनवर), पुढच्या मॅचच्या टीम आणि ग्राउंडचा वॉचमन. असा कोणाचाच नसलेला माणूस शेवटी एकच मिळाला, २४ सेकंदवाले काका. रिटायर्ड, संध्याकाळी ग्राउंडला चकरा मारायला यायचे, एकदा पाणी प्यायला टेबलाजवळ थांबले आणि सरांनी त्यांच्या हातात स्टॉपवॉच दिलं. अटॅक करणाऱ्या टीमने २४ सेकंदांत बॉल रिंगला तरी लावायला पाहिजे, लागून परत त्यांच्याकडेच आला तर पुढे फक्त १४ सेकंद, एवढा साधा हिशोब. आमच्याकडे ते दिवेवालं घड्याळ नाही, त्यामुळे काका शेवटचे दहा मोठ्याने मोजायचे. पण काका माणूस मायाळू. समोर नववीतली पोरगी बॉल घेऊन घाबरून उभी राहिलेली दिसली की काकांचे "चार… तीन…" मधले आकडे इतके लांबायचे की समोरच्या टीमचे कोच टेबलावर येऊन स्वतःचं मनगट दाखवायचे.

आता शीटबद्दल सांगते. ज्यांनी ती पाहिलेली नाही ते सुखी आहेत. एका कागदावर दोन्ही टीमची नावं, प्रत्येकीचे फाउल, टाइमआउट, आणि उजवीकडे १ ते १६० आकडे दोन्ही टीमसाठी शेजारी शेजारी छापलेले. (१६० कोणाच्या आशावादावर छापलेत माहीत नाही, आमच्याकडे एका टीमने तीन क्वार्टर मिळून अकरा केले होते.) बास्केट झाली की त्या आकड्यावर तिरकी रेघ आणि शेजारी खेळाडूचा नंबर, थ्री पॉइंटर असेल तर त्या नंबराला गोल, फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारा मोकळा शॉट) असेल तर रेघ नाही, भरीव ठिपका. पहिला आणि तिसरा क्वार्टर लाल पेनाने, दुसरा आणि चौथा निळ्या. म्हणजे नंबर लिहायला मान खाली घातली की वर फास्ट ब्रेक होऊन आणखी एक बास्केट झालेली असते, मग शेजारच्या असिस्टंट स्कोररला विचारायचं कोणी टाकली गं, आणि ती असिस्टंट दुसऱ्या टीमच्या सेंटरची मावशी असल्यामुळे ती फक्त एकाच बाजूच्या बास्केट सांगणार.

हा खेळ १८९१ मध्ये अमेरिकेत स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथ सरांनी पीचच्या टोपल्या टांगून सुरू केला आणि पहिली मॅच १-० अशी संपली. एक! त्या दिवशी टेबलवर जो कोणी बसला असेल त्याचा मला फार हेवा वाटतो.

आणि मुलींचं म्हणाल तर पुढच्याच वर्षी स्मिथ कॉलेजच्या सेंडा बेरेन्सन बाईंनी मुलींसाठी नियम बदलून घेतले, कोर्टाचे तीन भाग केले, आपला भाग सोडून जायचं नाही, आणि मुख्य म्हणजे दुसरीच्या हातातला बॉल हिसकावायचा नाही. मुलींना फार दमणूक नको म्हणून. १८९३ च्या त्यांच्या मॅचला पुरुषांना आत सोडलंसुद्धा नव्हतं. बाईंनी आमच्या लीगमधला एक रिबाउंड, म्हणजे रिंगला लागून परत आलेल्या बॉलसाठीची झोंबाझोंबी, बघायला हवा होता. खात्याच्या टीमची एक सेंटर आहे, नोकरीला लागलेली, लग्न झालेली, दोन मुलांची आई, अतिशय गोड स्वभाव, मॅचआधी टेबलवर येऊन "ताई, जेवलात का" विचारणार, आणि शिट्टी वाजली की रिंगखाली ती जिथे उभी राहील तिथून दोन दोन हात लांब कोणी दिसत नाही, सगळ्या खाली. आणि पुरुषांना आमच्याकडे कोणी अडवलेलं नाहीये हो. तेच येत नाहीत.

टेबलवरच्या लोकांना सगळ्यात जास्त आनंद कशाने होतो तर वॉकओव्हरने. वेळ झाल्यावर पंधरा मिनिटांत पाच जणी कोर्टवर उभ्या राहिल्या नाहीत तर समोरची टीम २०-० ने जिंकली, संपलं, घरी जा, कुकर लावा. एक टीम तालुक्याहून यायची, त्यांच्या सरांचा फोन सुरुवातीपासून "पाचच मिनिटं, नाक्यावर आहोत" असाच. मी घड्याळाकडे बघत पेनाची टोपणं लावायला घेतलेली असायची आणि बरोब्बर चौदाव्या मिनिटाला त्यांची गाडी गेटमधून आत, त्यातून पाच पोरी उड्या मारणार, एकीच्या हातात बूट, एकीच्या हातात वडापाव. वॉर्मअप वगैरे काही नाही. त्या मॅच जिंकायच्या पण, हे विशेष.

पण हे सगळं एक वेळ चालेल. खरा छळ वेगळाच आहे, तो म्हणजे गप्प बसणं. टेबलवर बसलं की तुम्ही तटस्थ. टाळी नाही, "अगं पास दे ना" नाही, साधं "अरे देवा" पण नाही. पोटची पोरगी समोर पडलीये, गुडघा सोललाय, तरी तुम्ही उठायचं नाही, कारण घड्याळ थांबलंय आणि तुम्हाला समोरच्या मुलीचा फाउल लिहायचाय. तोही नीट, "पी" (पर्सनल) आणि शेजारी फ्री थ्रोचा छोटा आकडा. एरवी मी कॉलनीच्या गणपतीत संगीत खुर्चीलासुद्धा ओरडणारी बाई. आतल्या आत माझं काय व्हायचं ते माझ्या ब्लड प्रेशरच्या डॉक्टरांना विचारा. आणि एवढं करून विश्वास कोणाचाच नाही. समोरच्या टीमच्या आया माझ्या मागे येऊन उभ्या राहून शीट वाचायच्या, आणि आमच्या आया म्हणायच्या, तुमचा टेबलवर असून काय उपयोग?

त्यात नंबरांचा घोळ. पूर्वी जर्सीचे नंबर ४ ते १५ असायचे, गेली काही वर्षं ० आणि ०० पासून ९९ पर्यंत काहीही घेता येतं. फाउल झाला की रेफरी टेबलसमोर येऊन बोटांनी नंबर दाखवतो. ७८ असेल तर आधी उलट्या हातांनी सात, मग सुलट्या हातांनी आठ, बघून वाटतं लोकरीची गुंडी करतोय. आमच्या टीममध्ये एकीने ० घेतला आणि माझ्या मुलीने, का तर भारी दिसतं म्हणून, ००. दोघी सारख्याच उंचीच्या, दोघींच्या वेण्या, दोघी गार्ड. एका हाताने शून्य दाखवलं तर ती, दोन्ही हातांनी दाखवलं तर आमची.

सेमीफायनलला चौथा क्वार्टर, शेवटची दोन-तीन मिनिटं, आम्ही एका पॉइंटने पुढे, ०० चे चार फाउल झालेले, पाचवा झाला की खेळाडू मॅचबाहेर. समोरची मुलगी ले-अपला घुसली, या दोघी दोन बाजूंनी तिच्यावर, धडाम, शिट्टी. रेफरी टेबलकडे चालत येतोय. त्याने एक हात वर केला, शून्य. मी त्याच्या दुसऱ्या हाताकडे बघतेय. तो हात कंबरेवर होता आणि तिथेच राहावा म्हणून मी तेवढ्या वेळात जेवढे देव आठवले तेवढ्यांना सांगून ठेवलं. वर आला. मग काय, पाचवा फाउल झाला की रेफरीला लगेच सांगायचं काम स्कोररचंच, आणि त्या दिवशी असिस्टंट मावशी नेमक्या चहाला गेलेल्या, त्यामुळे पाच नंबरची पाटी उचलायलाही मीच. एक ते चार काळ्या आकड्यांच्या, पाच तेवढा लाल. वर धरली. पोरीने माझ्याकडे जे बघितलं ना, ते मी तिच्या दहावीच्या रिझल्टला तिच्याकडे बघितलेलं त्याची परतफेड होती. आम्ही तीन पॉइंटने हरलो.

घरी जाताना गाडीत कोणी बोललं नाही, म्हणजे सासूबाई सोडून. त्या मागच्या सीटवर नणंदेशी फोनवर, "नाही गं, समोरच्यांनी नाही काढलं बाहेर, हिनेच. सख्ख्या आईने. पाटी दाखवून." स्पीकर चालू होता.

तिसऱ्या नंबरच्या मॅचला सरांनी परत विचारलं तेव्हा मी एकच अट घातली, सासूबाई माझ्या मागे बसणार नाहीत. सरांनी आनंदाने मान्य केली आणि जाऊन त्यांना सांगितलं, आजी, तुम्ही आपल्या बेंचवरच बसा. पण बेंचवर कोणालाही असं बसता येत नाही, काहीतरी हुद्दा लागतो, त्यामुळे असिस्टंट कोचच्या रकान्यात मी माझ्या सुंदर अक्षरात सासूबाईंचं पूर्ण नाव लिहिलं. पहिला क्वार्टर शांततेत गेला. दुसऱ्यात त्या उभ्या राहिल्या. रेफरी अगदी अदबीने म्हणाला, "आजी, बसून घ्या." त्या म्हणाल्या, "मी बसते रे, तू आधी चष्मा लाव."

टेक्निकल, म्हणजे वागणुकीसाठीचा फाउल. बेंचवरच्या माणसाचा असला तरी तो हेड कोचच्या नावावर चढतो, त्यामुळे सरांच्या नावापुढे मी "बी" (बेंचचा) लिहिलं, शेजारी फ्री थ्रोचा छोटा १. दुसरा क्वार्टर होता, म्हणून निळ्या पेनाने.