गटारी, चावी आणि सुन्याची व्हॅन

पुण्यात नळ स्टॉपजवळ चहाच्या गाडीशेजारी एका बंद दुकानाची पायरी, तोच आमचा कट्टा. गटारीला अजून दहा दिवस होते, पण पक्याने मुळशीकडचं फार्महाउस धरूनही ठेवलं होतं. मटण ठरलं, भाकऱ्यांचं ठरलं, बाटल्यांची वर्गणी ठरली. अप्पांनी नेहमीप्रमाणे "अरे, ती दिव्यांची अवस आहे, तुम्ही लोकांनी गटार केलीत" हे ऐकवून झालं. मग वैशालीने विचारलं, "येताना गाडी कोण चालवणार?"

"मीच की," पक्या म्हणाला. "चौदा वर्षं चालवतोय. घेतली की मी उलट जास्त जपून चालवतो."

"आणि चांदणी चौकात पोलीस उभे असले तर?"

"ग्रुपवर मेसेज येतोच. पिरंगुटहून लवळे-सूस धरायचं. पाऊण तास जास्त, एवढंच."

"नाकाबंदी कळेल रे. समोरून येणारा दूधवाला कुठल्या ग्रुपवर कळवणार आहे?"

अप्पा उसळले. त्यांच्या मते सगळा दोष ढिल्या कायद्याचा. "कल्याणीनगर आठवा. १९ मे २०२४. दोन इंजिनिअर पोरं जिवानिशी गेली, आणि पोर्श चालवणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलाला जामीन देताना काय सांगितलं? ३०० शब्दांचा निबंध लिही!"

"कायदा ढिला नाहीये अप्पा," वैशाली म्हणाली. "पहिल्यांदा सापडलात तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार, किंवा दोन्ही. तिथे तर रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरच आत गेले." ती रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते, हे तिला लागलेलं. त्या बातमीनंतर काही दिवस लोक तिच्यासमोर बाटलीवरचं स्वतःचं नाव दोनदा वाचून मगच उठायचे म्हणे.

"आणि 'चल रे, तुला काय होतंय, तूच चालव' म्हणणारा पण सुटत नाही," ती पुढे म्हणाली. "पिऊन चालवायला चिथावणी दिली तर त्यालाही तीच शिक्षा. मोटार वाहन कायदा, कलम १८८." गेल्या वर्षी हेच वाक्य पक्याला मी म्हटलं होतं, अगदी शब्दशः. त्यामुळे मी चहा आणायला उठलो.

परत आलो तेव्हा सुन्या बोलत होता. "एका बियरने काही होत नाही. आणि झालीच, तर झोप काढली, आंघोळ केली, लिंबू पिळलं की साफ." सुन्या शाळेची व्हॅन चालवतो. सकाळी साडेसहाला पहिलं पोर घ्यायचं असतं. बेत रविवारी रात्रीचा धरलेला, म्हणजे दुसऱ्या दिवशी शाळा.

वैशालीने वडापावच्या कागदाची कोरी बाजू वर केली. "१०० मिलि रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल, ही हद्द. स्ट्राँग बियरची मोठी बाटली, ६५० मिलि, आठ टक्के. सत्तर किलोच्या माणसाला ही एकटीच ८० च्या आसपास नेते. म्हणजे एका बाटलीतच तू हद्दीच्या दुप्पट पलीकडे."

"आम्ही बियर घेत नाही," पक्या म्हणाला.

"बरं. दीड क्वार्टर व्हिस्की धर, म्हणजे २७० मिलि. १८५ च्या आसपास. लिव्हर तासाला साधारण १५ उतरवतं. लिंबू, कॉफी, आंघोळ, कशाने ते घाई करत नाही. झोपलास तरी तेवढंच. नऊला सुरू केलीस, तर ३० च्या खाली यायला सकाळचे साडेसात वाजतात. साडेसहाला तू अजून चाळिशीच्या वर."

पक्या कागदाकडे बघून म्हणाला, "हे माणसागणिक बदलतं."

"बदलतं. कोणाचं लवकर उतरतं, कोणाचं उशिरा. म्हणून तर अंदाजावर जायचं नाही."

मग भांडण खऱ्या मुद्द्यावर आलं. न पिणारा कोण? अप्पा पीत नाहीत, पण त्यांना रात्री दिसत नाही. मी म्हटलं, रात्रीपुरता ड्रायव्हर ठरवू, बाटल्यांच्या वर्गणीतूनच पैसे द्यायचे. पक्या म्हणाला, त्या पैशात अजून दोन किलो मटण येतं. वैशाली म्हणाली, मग चिठ्ठी टाका, ज्याचं नाव येईल त्याला वर्गणी माफ, आणि जाताना चावी त्याच्याच खिशात. प्यायला बसल्यावर ठरवू म्हणाल तर तेव्हा प्रत्येक जण शुद्धीत असतो. यावर पक्यासुद्धा हसला, पण हो म्हणाला नाही.

सुन्या या सगळ्यात नव्हता. त्याने तो तेलकट कागद हातात घेतला होता आणि बोटाने आकड्यांवरून जात होता.

"वैशू," तो म्हणाला, "हे सत्तर किलोचं आहे ना? मी अठ्ठावन्नचा आहे. पुन्हा मांड."