एकच कौल बदलायचंय

जुनं घर दुरुस्त करायला काढायचं असेल तर सुरुवात एका फुटक्या कौलापासून करावी. घरात सांगताना 'एकच तर कौल बदलायचंय' एवढंच सांगावं. कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या आमच्या घरात मीही तेवढंच सांगितलं होतं. मिस्त्री वर चढला, कौल उचललं, खालची रीप बोटानं दाबली आणि बोट पलीकडं निघालं. रिपेखालचा वासा तसलाच. वाशाखालची तुळई... तुळईचं जाऊ द्या. संध्याकाळी सोप्यातून थेट आभाळ दिसत होतं आणि आई देव्हाऱ्यावर ताडपत्री बांधत होती.

खर्चाचा अंदाज मात्र जरूर घ्यावा, तेवढीच करमणूक. पंचगंगेचा पूर परवडला. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. माणूस वेळेत सामान तरी माळ्यावर चढवतो. मिस्त्रीच्या अंदाजाला कुठं पट्टी लावणार?

माणसं नेमताना कामाची चौकशी करत बसू नका, तालीम विचारा. आमचा गवंडी एका तालमीचा, प्लंबर दुसऱ्या. शाहू स्टेडियमवर दोन्ही तालमींच्या फुटबॉल संघांची गाठ पडली की दोघंही गायब. दुसऱ्या दिवशी कामावर येत, पण एकमेकांशी अक्षर बोलत नसत. त्या अबोल्यात आमच्या न्हाणीचा उतार मोरीकडं न जाता दाराकडं गेला. आता आंघोळीचं पाणी थेट स्वयंपाकघरात येतं. 'त्यानं सांगाय पायजे हुतं,' गवंडी म्हणाला. 'त्यानं इचाराय पायजे हुतं,' प्लंबर म्हणाला. मधे मी टॉवेल गुंडाळून उभा. (बाकीच्या खाड्यांचं कारण विचारू नये. चैत्रात जोतिबाची यात्रा असते, मग गावची म्हाई, मग मेव्हण्याचं लगीन. हजेरीवहीपेक्षा पंचांग कामाला येतं.)

भिंतींचं काय करायचं? जुन्या भिंती दगडाच्या, पांढऱ्या मातीच्या, वर चुन्याचा गिलावा. चुना ओल धरून ठेवत नाही, बाहेर सोडतो. असलं काही सांगणारा म्हातारा भेटलाच तर चहा पाजून वाटेला लावा. त्यावर सिमेंटचा गुळगुळीत गिलावा ओढा, वरून चकचकीत ऑइल पेंट मारा. ओल आतच कोंडते. पहिल्या श्रावणात भिंतीला मीठ फुटतं, पोपडे सुटतात आणि पाहुण्यांची पोरं ते नखानं सोलत बसतात. चुन्याच्या भिंतीत ही मजा कुठली!

नवा माणूस दारात आला की आधीचं काम बघून कपाळाला हात लावतो. 'कुणी केलंय ओ हे?' त्यावर मान खाली घालावी, नाव सांगू नये. आमच्या वायरमननं जुनी लाकडी पट्टी उचकटत हाच प्रश्न विचारला आणि आई पटकन बोलून गेली, 'तुझ्याच बाबांनी रे.' पोरगं तीन दिवस फिरकलं नाही.

जूनमध्ये पहिला पाऊस आला. नवं कौल, नवी रीप, नवा वासा, आणि थेंब बरोबर जुन्याच जागी. आईनं न बोलता तेच पातेलं आणून तिथं ठेवलं. मी मिस्त्रीला फोन लावला. तो येऊन सोप्यात उभा राहिला, मान वर करून बराच वेळ बघत राहिला.

'कौल सरळच हाय मालक,' तो म्हणाला, 'पाऊसच जरा तिरका येतोय.'