वैलाचं नाव काढू नका

मालवणच्या आसपास बिअरचा कारखाना काढताय? उत्तम. समुद्र आहे, पर्यटक आहेत, तहान तर आहेच. फक्त कारखाना 'हरित' दिसला पाहिजे. असण्याची घाई नको.

पहिलं काम सौर पॅनेलचं. ती रस्त्याच्या बाजूला बसवा, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांतून दिसली पाहिजेत. माडाची सावली पडते? पडू दे. एका कोपऱ्यावर सावली आली तरी अख्ख्या रांगेची वीज घसरते, पण फोटोत माड छान दिसतो. शिवाय बिअरच्या कारखान्याची खरी भूक विजेपेक्षा उष्णतेची असते, हे उद्घाटनाच्या पाहुण्यांना कोण सांगणार? नारळ पडून काच तडकली तर विमा आहेच.

आता उकळण्याकडे वळू. धान्याचा गोड काढा हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं, घालून तासभर उकळावा लागतो. तुम्ही दीड तास उकळा, आणि तोही खळाखळा. एक लिटर पाणी 25 अंशांवरून उकळीला आणायला 75 किलोकॅलरी पुरतात. तेच पाणी वाफ करून उडवायला मात्र 540 लागतात. म्हणजे खरी उधळपट्टी उकळी फुटल्यावरच सुरू होते, तेव्हा हात आखडू नका. जाळ वाढवला म्हणून काढा आणखी तापत नाही, नुसता आटतो, हे आमटी करणाऱ्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं. म्हणून अशा बाईला सल्लागार नेमू नका. झाकण घट्ट लावता येत नाही हे खरं, नाहीतर बिअरला उकडलेल्या मक्याचा वास धरतो. पण वर जाणाऱ्या वाफेत पाण्याची नळी फिरवली की ती उष्णता हाती लागते. तिला जाऊ द्या. धुराड्यातून पांढरे लोट निघाले की लांबूनही काम जोरात चाललंय असं वाटतं.

आमच्या जुन्या चुलीला वैल असायचा. मोठ्या तोंडावर भात, आणि बाजूने निसटणाऱ्या आचेवर डाळ नाहीतर दूध. आजीने त्यासाठी वेगळं लाकूड कधी घातलं नाही. तीच गोष्ट आता 'हीट रिकव्हरी' म्हणून कोट घालून येते, पडद्यावर चित्रं दाखवते आणि बिल लावते. बिल भरा, वैल मात्र बांधू नका.

उकळलेला काढा निववायला पातळ पत्र्यांचं यंत्र असतं. एका बाजूने काढा जातो, दुसऱ्या बाजूने गार पाणी, आणि ते पाणी सत्तर-ऐंशी अंशांवर तापून बाहेर पडतं. दुसऱ्या दिवशी धान्य भिजवायला साधारण 65 अंशांवरचं पाणी लागतं. हे दोन आकडे एका कागदावर लिहू नका. आजचं पाणी गटारात, उद्याचं डिझेलवर, असा शिरस्ता ठेवा. एखादा गावचा गडी मध्ये तोंड घालेलच: "शेटनू, ह्या कढत पाणी गटारात कित्याक सोडतास? आमच्या अख्ख्या वाडीची आंघोळ होतली!" त्याला सांगा, ही प्रोसेस आहे.

वाफेच्या नळ्या उघड्याच ठेवा. पावसाळ्याआधी आपण पडवीला झापं बांधतो, लाकडं झाकतो, गुरांच्या गोठ्याचीसुद्धा सोय बघतो. पण नळ्यांना लॅगिंग, म्हणजे उष्णता धरून ठेवणारं वेष्टण, म्हटलं की, "पुढच्या वर्षी बघू." शीतगृहातली उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर बॉयलरच्या भिंतीलगत आणि खाऱ्या वाऱ्याच्या तोंडावर बसवा. दोन वर्षांत त्याचे पातळ पत्र्याचे पंख भाकरीसारखे मोडायला लागले की दोष कंपनीला देता येतो.

टाकीत आंबताना साखरेपासून वजनाने जेवढा अल्कोहोल होतो, जवळपास तेवढाच कार्बन डायऑक्साइड सुटतो. पिकाने हवेतून घेतलेलाच तो, म्हणून प्रदूषणाच्या हिशेबात धरत नाहीत. तेव्हा तो बिनधास्त कौलांवरून सोडा, आणि बिअरमध्ये बुडबुडे आणायला त्याच वायूच्या टाक्या विकत आणा. त्यासाठी 2011 पासून रुंद होत असलेला मुंबई-गोवा महामार्ग आहे. ट्रक खड्ड्यांतून डिझेल जाळत येईल, पण त्याचा धूर तुमच्या आवारात नसतो.

काजूच्या टरफलांचं तेल काढून उरलेला चोथा बॉयलरला चालतो, आणि काजूचे कारखाने जवळपासच आहेत. ते फारच गावठी दिसतं. उरलेलं ओलं धान्य म्हशी आवडीने खातात. पण दारात म्हशी उभ्या राहिल्या तर पर्यटक काय म्हणतील?

वर्षाअखेरीस पर्यावरण अहवाल निघेल. फोटोग्राफरला बॉयलरच्या मागच्या बाजूला जाऊ देऊ नका, कारण तिथे त्याच गड्याने उघड्या नळीला दोन चिरे लावून पेजेचं टोप ठेवलेलं असेल. पेज दुपारपर्यंत कढत राहते, सोबत सुक्या बांगड्याचा तुकडा. पण फोटोग्राफर गेलाच, आणि फोटो बरा आलाच, तर गड्याला बाजूला करून छापा. खाली ओळ द्या: 'आमचा उष्णता पुनर्वापर प्रकल्प, टप्पा पहिला.'