कॅन्डिडेट आले, झोप गेली

निवडणुका लागल्या की आमच्या बिल्डिंगमध्ये रविवारची दुपारची झोप हा प्रकार आपोआप बंद होतो, कारण मटण जेवून जरा आडवं व्हावं तर बेल वाजतेच आणि दारात कडक इस्त्रीचा पांढराशुभ्र कुर्ता हात जोडून उभा. पक्ष कुठलाही असो, कुर्ता पांढराच! हे असं का, म्हणून शेवटी मोबाईल घेऊन कॅन्डिडेट शब्दाच्याच मागे लागलो (झोप तशीही गेलीच होती).

तर लॅटिनमध्ये कॅन्डिडस म्हणजे लखलखीत पांढरा आणि कॅन्डिडेटस म्हणजे पांढरे कपडे घातलेला माणूस. बस्स. सेवा, विकास, कार्यसम्राट, काही नाही, नुसते कपडे. प्राचीन रोममध्ये पदासाठी उभे राहणारे टोग्याला (म्हणजे अंगाभोवती गुंडाळायच्या वस्त्राला) खडू चोळून तो अजून पांढरा करायचे. ख्रिस्तपूर्व 432 मध्ये याच्यावर बंदीचा कायदा झाला असं लिव्ही हा इतिहासकार सांगतो, आणि ख्रिस्तपूर्व 64 मध्ये सिसरो हा रोमचा नामांकित वक्ता निवडणुकीला उभा राहिला तेव्हाही पांढरे टोगे आपले जोरात. आचारसंहिता पाळायची पद्धत जुनीच म्हणायची.

मतं मागत फिरणं म्हणजे अँबिशिओ, त्यावरून आपलं अँबिशन. त्याच धातूपासून अँबिटस, म्हणजे मतांसाठी पैसे चारायचा गुन्हा. सख्खी भावंडं ही! शिवाय समोरून कोण येतंय त्याचं नाव मालकाच्या कानात सांगायला नोमेनक्लेटर नावाचा माणूस असायचा, बहुतेक गुलामच. आमच्याकडे त्या जागी वही घेतलेला एक पोरगा असतो, तो "दादा, 302 वाले काका, पाण्याची कंप्लेंट" असं पुटपुटतो की दादा लगेच, "काय काका, पाणी येतंय ना आता?" जसं काही माझ्या मुंजीला जेवून गेलेत.

पुढच्या रविवारी दुसरा कुर्ता आला तेव्हा मीच त्याला दारात धरला. म्हटलं, तुम्ही कॅन्डिडेट, मेणबत्तीची कॅन्डल, मनात काही न ठेवता बोलणारा तो कॅन्डिड, आणि आपला संस्कृतातला चंद्रसुद्धा, सगळे एकाच मुळातले, चमकणारे! दादांनी अगदी मान डोलावत ऐकून घेतलं, माझा हात दोन्ही हातांत घेतला, म्हणाले, "नोट करून घे रे." पोरानं खरंच लिहिलं. मी वाकून वहीत बघितलं.

302, जिन्यातले लाईट.